जांभळीला बांधलेली दावण

रुपीबाईला नदीपल्याड द्यायला तिच्या आईचा शेवटपर्यंत विरोध होता. आखाडीपासून दसऱ्यापर्यंत पैनगंगा उतार देत नाही. मग एवढे दिवस लेकीचं तोंड दिसणार नाही अशा घरी लेक कशाला द्यायची, इतकंच सोनीबाईचं म्हणणं होतं. नवरा लवकर गेला होता. उमरखेडच्या खालच्या अंगाला, नदीकाठच्या तांड्यात, तिनं थोरला डोंगरसिंग आणि ही रुपी अशी दोन लेकरं एकटीनं वाढवली होती. त्यांच्याशिवाय तिच्याजवळ आपलं म्हणावं असं काही नव्हतं.

डोंगरसिंग मात्र हट्टाला पेटला होता. कारण नवरामुलगा रामधन होता.

"याडी, रामधन काय परका हाये का?" तो आईला म्हणाला. "मी त्याच्याच दोरीच्या दुसऱ्या टोकाले बसतो."

"दोरीच्या टोकाले तू बसतं," सोनीबाई म्हणाली. "संसाराले माही पोरगी बसन."

त्या दोरीची गोष्ट साऱ्या तांड्याला ठाऊक होती. गोठ्यात बैलांची रांग बांधायची दावण असते, तशीच ती होती. फक्त बैलांच्या जागी गळ. अंबाडीची जाड दोरी डोहावरून या काठापासून त्या काठापर्यंत जायची. तिला हाता-हाताच्या अंतरावर सुतळ्या लोंबत, प्रत्येक सुतळीला गळ आणि गळाला गांडूळ नाहीतर झिंगा. एक टोक अल्याड डोंगरसिंगाच्या हातात, दुसरं पल्याड रामधनाच्या. डोहात वाम किंवा मरळ लागली की धक्का दोघांच्याही तळव्यात येई. मासा ज्याच्या काठाजवळ, त्यानं ओढायचं. दुसऱ्यानं तेवढी ढील द्यायची. एकट्याच्यानं ही दावण चालत नसे. एकाला ताप भरला तर त्या दिवशी दुसऱ्याच्या घरी मासोळीवाचून नुसत्या कोरड्यासावर भागवावं लागे.

दोघांची ओळख रझाकारांच्या धामधुमीतली. तेव्हा पल्याड मोगलाई होती. रामधनाचा तांडा रातोरात नदी ओलांडून अल्याड आला आणि काही महिने आंब्याखाली राहिला. मिसरूड फुटायच्या वयाचे दोघे तेव्हा दिवसभर डोहात असत. पुढे तांडा परत गेला. पण डोह दोघांच्या मध्येच होता, म्हणून दोघांनी दावण वळली.

तिसरा सोबती वामनराव. तो गावातला कुणबी, कापूस आणि तुरीचं बऱ्यापैकी शेत असलेला. त्याच्या घरात मासोळी शिजत नसे, म्हणून तो खिशात तिखटमिठाची पुडी घेऊन नदीवर येई, निखाऱ्यावर भाजलेली मासोळी खाई, पोटभर पाणी पिई आणि तोंडात बडीशेप टाकून घरी जाई. डोंगरसिंग आणि रामधन आपसात बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलू लागले की तो म्हणे, "बोला बापा, बोला. मले शिव्या देत असान त सावकाश द्या, म्हणजे शिकून घेईन." दावणीला त्यानं कधी हात लावला नाही. "मी कीर्तनाले आलेला माणूस," तो म्हणे. "पेटी तुम्ही वाजवा."

छप्पन साली अल्याडचा मध्य प्रदेशातला आणि पल्याडचा हैदराबादेतला, असे दोन्ही मुलूख मुंबई राज्याला जोडले गेले. नदी दोन राज्यांची शीव राहिली नाही. वामनरावानं पेपरात वाचून ती बातमी काठावर सांगितली आणि म्हणाला, "आजपर्यंत मासोळी मोगलाईत पळाली म्हणून सोडून देत होतो. आता जाईन कुठं?"

रामधन मोठा खोडकर. डोहाच्या त्या अंगाला झाऊची दाट झुडपं होती आणि तो त्यांच्या आड बसे, त्यामुळे अल्याडून तो दिसत नसे. दिसे ती फक्त पाण्यातून वर जाणारी दोरी. तो उगाच झटका देई. डोंगरसिंग धावपळ करून दोरी ओढी, तर गळाला कारलं अडकवलेलं. कधी फाटकी वहाण. एकदा तर अशी जबर ओढ आली, की डोंगरसिंग तोंडघशी पाण्यात पडला आणि नाकातोंडात पाणी घेऊन वर आला. पल्याडून झुडपांमागून रामधन बाहेर आला तो बैलाचा कान धरून. त्यानं दोरीचं टोक बैलाच्या जुवाला बांधून बैल हाकला होता. वामनराव हसता हसता आडवा झाला. डोंगरसिंग कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून ओरडला, "येजो रे अल्याड. तुहं तोंड पाह्यतो मी."

"बैल पाठवतो," तिकडून उत्तर आलं. "मले काम हाये."

त्या दिवसानंतर डोंगरसिंगानं एक उपाय काढला. मस्करीची ओढ आली की जागचं हलायचं नाही. मेल्यासारखं बसायचं. मग पल्याडचा कंटाळे आणि शेवटी स्वतःच हाक मारी. खरी ओढ कोणती आणि मस्करीची कोणती, हे आपल्याला हातात कळतं, असं डोंगरसिंग वामनरावाला अभिमानानं सांगे. "मासा वढते तवा दोरी थरथरते. रामधन वढते तवा दोरी हासते."

शेवटी सोनीबाई हरली. डोंगरसिंगानं तिला शब्द दिला होता, की पोरीची खबर भर पुरातही तुझ्यापर्यंत आणीन. महाराष्ट्र झाला त्याच उन्हाळ्यात लग्न लागलं. वाटे लावताना रुपीबाई आईच्या गळ्यात पडून ढावलो, म्हणजे पाठवणीचं रडगाणं, रडली. रिवाजाप्रमाणे ती एकेकाचं नाव घेऊन रडत होती. भावाचं नाव आलं तेव्हा तिला सूर सापडेना, आणि बाया कौतुकानं म्हणाल्या, की भावावर लई जीव आहे पोरीचा. तिला घेऊन निघालेले लोक उतारावरून पलीकडे गेले. पाणी तेव्हा घोट्याएवढंही नव्हतं. सोनीबाई काठावर उभी होती. डोंगरसिंग पल्याडपर्यंत पोचवून परत आला तेव्हाही ती तिथंच होती.

त्या पावसाळ्यात त्यानं शब्द पाळला. वाळलेल्या भोपळ्याचा तुंबा पोखरून त्याला मेण लावून बूच केलं, आणि तुंबा दावणीला बांधला. पाणी जरा उतरलं, डोह संथ झाला, की दावण पडे आणि तुंबा त्या काठाहून या काठाला येई. सोनीबाई त्यात तिळाचे लाडू घाली, कधी काचा शिवलेल्या चोळीचा तुकडा. तिकडून कधी मूठभर भाजलेल्या शेंगा येत, कधी नुसताच रुपीबाईच्या केसांतला लोकरीचा गोंडा. लिहितावाचता कोणालाच येत नव्हतं. सोनीबाई तो गोंडा हातात घेऊन म्हणे, "तेल लावते पोरगी केसाले. बरी हाये." मग तिच्या पायात बळ येई आणि ती शेतावर जाई. रामधन जावई म्हणून चांगला निघाला, हेही ती हळूहळू मान्य करू लागली होती, पण तोंडानं म्हणत नव्हती.

दुसऱ्या पावसाळ्यात तुंब्यातून हळकुंडाचा तुकडा आणि त्याभोवती गुंडाळलेला हिरवा दोरा आला. सोनीबाईनं तो कितीतरी वेळ पाहिला. मग शेजारणीला बोलावून दाखवला. दसऱ्यानंतर उतार मिळाला की पोरीला बाळंतपणाला आणायचं ठरलं. तिनं घरातली एक बाजू सारवून घेतली. खाट विणायला दिली. डोंगरसिंगाला रोज विचारी, "पाणी किती उतरलं?"

"उतरून राह्यलं, याडी."

"रोज तेच सांगतं."

"रोज उतरून राह्यलं."

भादव्याच्या शेवटी मोठा पूर येऊन गेला होता. पाणी ओसरत होतं, पण गढूळ होतं, आणि वरच्या जंगलातून तुटून आलेली लाकडं अधूनमधून वाहत जात. अशा पाण्यात मोठा मासा काठाला येतो, म्हणून त्या दुपारी दोघांनी दावण टाकली. बारीक पाऊस होता. खालच्या खडकावर पाण्याचा आवाज एवढा, की शेजारच्यालाही मोठ्यानं बोलावं लागे. वामनराव घोंगडीची खोळ करून बसला होता.

बराच वेळ काही लागलं नाही. मग एकाएकी डोंगरसिंगाच्या हाताला ओढ आली. झटका नव्हता. जड, सरळ, न थांबणारी ओढ. त्याची टाच चिखलात सरकली.

"मासोळी?" वामनरावानं विचारलं.

"मासोळी असं वढते का?" डोंगरसिंग हसला. "बैल जुपला त्यानं. परत."

"खरंच मोठी लागली असन त?"

"वामनराव, तुम्ही आपले तिखटमीठ सांभाळा. मले त्याचा हात माहीत नाई का?"

ओढ वाढत होती. त्यानं हाताची दोन वेटोळी सोडवली, मागे सरकून दोरी जांभळीच्या मुळीभोवती फिरवली, वाकून पक्की गाठ मारली आणि वर हात झटकून उभा राहिला. "आता हाक म्हणा तुहा बैल." मग खोळीत येऊन बसला आणि चिलीम भरू लागला. दोरी ताणून तारेसारखी झाली होती. पाण्याचे थेंब तिच्यावरून उडत होते. वामनराव ते पाहत होता.

मग दोरी फिरली. आतापर्यंत समोरच्या काठाकडे गेलेली दोरी हळूहळू खालच्या दिशेला, प्रवाहाकडे वळली. वामनराव उभा राहिला. "डोंगर," तो म्हणाला, "बैल पाण्यात कसा गेला?"

डोंगरसिंगाच्या हातातून चिलीम पडली.

पाण्याखालून आलेलं एक अख्खं झाड दावणीच्या मध्यावर अडकलं होतं. अल्याडचं टोक मुळीला घट्ट होतं, ढील मिळत नव्हती, म्हणून झाडाचा सगळा भार पल्याडच्या टोकावर गेला. रामधनानं दोरी नेहमीसारखी मनगटाला गुंडाळली होती. ओली अंबाडी आवळली की सुटत नाही. झाड आणि झाडामागे रामधन असे दोघे वळण घेत अल्याडच्याच काठाला, खडकाच्या वर, येऊन लागले. डोंगरसिंग आणि वामनराव पाण्यात उतरून तिथं पोचले तेव्हा रामधनाचं तोंड पाण्याखाली होतं. डोंगरसिंगानं त्याला उताणा केला, पालथा केला, पाठीवर थापट्या मारल्या. नाव घेऊन हाक मारली. वामनराव दातांनी मनगटावरची दोरी तोडत होता.

पल्याड, वरच्या चढावर, कोणीतरी बाई बसल्यासारखी दिसत होती. पावसात नीट दिसलं नाही.

तांडा जमला. पलीकडचे लोक लांबच्या वळणानं डोंग्यातून आले. आणि मग जे डोंगरसिंगाच्या ध्यानीमनी नव्हतं ते झालं. माणसं जांभळीची गाठ पाहून त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागली. बरं झालं गड्या, तू दोरी बांधून ठेवली. नाहीतर प्रेतही हाती लागलं नसतं, पार गोदावरीत गेलं असतं. पल्याडच्या तांड्याचा नायक म्हाताऱ्या हातांनी त्याचे दोन्ही हात धरून म्हणाला, की आमच्या पोराला शेवटचं घरी आणलंस. सोनीबाई हे ऐकत होती. वामनरावानं एकदा डोंगरसिंगाकडे पाहिलं आणि खाली मान घातली. डोंगरसिंग काही बोलू गेला, पण त्याच्या तोंडातून नुसता आवाज निघाला, आणि लोकांना वाटलं, तो रडतो आहे.

पाणी उतरेपर्यंतचे दिवस त्यानं कसे काढले, ते त्याचं त्याला सांगता आलं नसतं. तो शेतावर जाई. कापसाच्या ओळीत उभा राही आणि परत येई. रामधनाची आठवण माणसागत येत नव्हती. ती हातात येई. भाकरीचा तुकडा मोडताना, बैलाचा कासरा धरताना, तळव्यात ती जड ओढ परत येई आणि तो हातातलं जे असेल ते सोडून देई. बैल एकदा असाच सुटून वामनरावाच्या तुरीत गेला. वामनरावानं बैल आणून बांधला आणि बांधावर बसला.

"सांगून टाक," तो म्हणाला.

"काय सांगू? त्यायले वाटते मी त्याले धरून ठेवलं."

"तू जाणूनबुजून काही केलं नाई."

"मी गाठ मारली, वामनराव. हासत मारली."

वामनरावानं समजूत घातली नाही, आणि त्याबद्दल डोंगरसिंगाला मनातून बरं वाटलं.

सोनीबाईला एकच ध्यास होता. पोरीला घेऊन ये. नवरा गेला, आता सासरी काय आहे तिचं. बाळंतपण इथं होऊ दे, मग इथंच राहू दे. तिनं सारवलेली बाजू परत सारवली. डोंगरसिंगालाही तेच हवं होतं. रुपी घरात आली, तिचं लेकरू अंगणात रांगलं, तर आपल्याला जगता येईल, असं त्याला वाटे. तिला आणायचं, आणि येताना वाटेत सांगायचं. उतारावर, पाण्यात चालताना. तिथं तोंडाकडे पाहावं लागत नाही.

दसरा झाल्यावर उतार मिळाला. तो एकटाच गेला.

रामधनाच्या घरासमोर रुपीबाई धान्य निवडत बसली होती. हातात बांगड्या नव्हत्या, कपाळ मोकळं होतं. पोट मोठं दिसत होतं. तिनं त्याला पाणी दिलं, सासूला हाक मारून भाऊ आल्याचं सांगितलं, आणि परत सुपाशी बसली.

"घ्याले आलो, रुपी. याडीनं खाट विणली."

ती खडे वेचत राहिली.

"चाल. गाडी अल्याड उभी हाये. तुले पाण्यात चालू देणार नाई मी, उचलून नेईन."

"भिया," ती म्हणाली, "त्या दिवशी मी भाकर घेऊन नदीवर येत होती."

डोंगरसिंगानं पाण्याचा लोटा खाली ठेवला.

"चढावरून सगळं दिसते. झुडपाच्या वरून. तो पाण्यात गुडघ्यापर्यंत गेलता, दोरीनं वढत नेला त्याले. मी लई वरडली. पाण्याच्या आवाजात कोणाले ऐकू येईन?" ती थांबली. "मग तू दिसला. जांभळीपाशी वाकलेला. दोरी हातात होती तुह्या. मले वाटलं, सोडून राह्यला. मी खाली बसली. म्हटलं, देवा, भियाच्या ध्यानात आलं. आता सोडते."

खडे वेचायचं तिचं चालूच होतं.

"रुपी, मले वाटलं, बैल..."

"माहीत हाये. तो हासत सांगत असे मले ते बैलाचं." तिचा आवाज वर चढला नाही. "तू मुद्दाम नाई केलं. मले कोणी सांगाची गरज नाई. मी इथल्या कोणाले बोलली नाई आणि बोलणार नाई. पण मी तुह्या घरी येऊ शकत नाई, भिया. मी रोज तुहे हात पाहीन."

सासू आतून बाहेर आली. तिनं डोंगरसिंगाला जेवायचा आग्रह केला. ज्यानं आपल्या लेकाचं प्रेत वाहू दिलं नाही त्याला ती उपाशी कसं जाऊ देईल. तो पानावर बसला. वाढलं ते सगळं त्यानं खाल्लं.

तो परत आला तेव्हा सोनीबाई गाडीशी उभी होती. त्याच्या मागे कोणी नाही हे तिला लांबूनच दिसलं असेल, तरी तिनं विचारलं, "पोरगी?"

डोंगरसिंगानं सांगितलं. ओढ आली ती, बैल, गाठ, चिलीम, सगळं. गाडीच्या धुरेला धरून तो उभा होता आणि शब्द एकेक करून बाहेर येत होते. सोनीबाई ऐकत राहिली. तिनं त्याला मारलं नाही, शिवी दिली नाही. एकदा फक्त म्हणाली, "मी नाई म्हटलं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गाठोडं बांधलं. त्यात बाळंतिणीचा डिंक होता, जुन्या लुगड्याच्या लंगोट्या होत्या, आणि आपले नेसायचे दोन घागरे.

"किती दिवस राहशीन?" डोंगरसिंगानं विचारलं.

"तिच्यापाशी कोण हाये?"

"मग परत येशीन ना?"

"डोंगर," ती म्हणाली, "तू गडी माणूस. तुहं भागन."

वामनराव गाडी हाकायला आला होता. तो बैलांच्या पाठीकडे पाहत राहिला. उतारापाशी तिघं उतरले. सोनीबाईला पाण्याची भीती वाटे. साऱ्या आयुष्यात ती ही नदी एकदाच ओलांडून गेली होती, नात्यातल्या एका मयतीला. डोंगरसिंगानं एका हातात गाठोडं घेतलं आणि दुसरा हात तिच्या पुढे केला. ती क्षणभर त्या हाताकडे पाहत थांबली. मग तिनं तो धरला, म्हाताऱ्या माणसाला धरावाच लागतो तसा.

गुळगुळीत दगडांवरून दोघं सावकाश चालत होते. मधल्या धारेत ती डळमळली, तेव्हा त्यानं तिला अंगाशी घेतलं. तिचं वजन काहीच नव्हतं. "याडी," तो म्हणाला. तिनं पुढचा दगड पायानं चाचपला.

पल्याडच्या काठाला रुपीबाई आली होती. जड अंगानं ती घाट उतरून पाण्याच्या कडेपर्यंत आली आणि तिनं हात पुढे केला. सोनीबाईनं डोंगरसिंगाचा हात सोडला आणि लेकीचा धरला. त्यानं गाठोडं पुढे केलं. रुपीबाईनं ते त्याच्या हातातून घेतलं नाही. दगडावर ठेव, असं तिनं मानेनं दाखवलं, आणि त्यानं ते ठेवल्यावर वाकून उचललं.

मायलेकी चढ चढू लागल्या. मधे एकदा सोनीबाई दम घ्यायला थांबली, पण मागे वळली नाही. अल्याडून वामनराव हाक मारत होता, "चाल डोंगर, ऊन व्हाले लागलं." डोंगरसिंग पाण्यात उभा होता. झुडपांवरून त्या दोघींची डोकी दिसेनाशी झाली, तरी तो तिथंच उभा होता.